विनंती थांबा

विष्णूकाकांनी डबल दिल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.

म्हणजे गाडी हलेल हो, इंजिनाला काय कळतंय. काका हलू देत नाहीत. मी स्टिअरिंगवर, सीटबेल्ट लावलेला, रिव्हर्स टाकलेला, आणि शेजारच्या सीटवर काका मान मागे वळवून माणसं मोजतायत. "एक, दोन, आणि मी तिसरा." मोजणी जुळली की दोन बोटं दुमडून गाडीच्या छताला ठक ठक. "चला, जाऊ द्या." एक ठक म्हणजे थांबा, दोन ठक म्हणजे निघा. एकदा ग्रोसरीला जाताना मी घाईत तशीच गाडी काढली, तर ड्राइव्हवेच्या टोकाला डोक्यावर असा काही खणखणीत एक ठक बसला की मी बाप्पा ब्रेकच दाबला.

"घंटी कुणी दिली?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग गाडी कुणाच्या परवानगीनं निघाली?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, सतरा वर्षं मी अमेरिकेत ड्राइव्ह करते. आजवर एक तिकीट नाही मला."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी फुकट्या प्रवाशाकडे पाहतात. "सतरा वर्षं? विनातिकीट?"

तर असे हे विष्णूकाका. प्रमोदचे वडील. प्रमोद माझ्याच टीममध्ये आहे आणि इथे अटलांटाजवळ अल्फारेटात आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. काका नगरकडचे. तालुक्याच्या आगारात बत्तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर. पण कंडक्टर म्हटलेलं त्यांना चालत नाही. "वाहक म्हणा. कंडक्टर तारेत असतो." काकू गेल्यापासून दर उन्हाळ्यात प्रमोद त्यांना सहा महिने इकडे आणतो आणि मग स्वतः रिलीजमध्ये बुडतो. त्याचा रिलीज उन्हाळ्यातच कसा येतो हे एक कोडंच आहे. मग काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, देवळात न्या, चप्पल बदलून आणा, ही सगळी कामं माझ्याकडे. का, तर मी घरून काम करते. घरून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, हे आपल्या लोकांनी इमिग्रेशनच्या फॉर्मवर लिहून आणलंय बहुतेक.

काकांच्या खिशात कायम तिकिटाचा पंच. नोकरी गेली, ट्रे गेला, खाकी गेली, पंच तेवढा राहिला. तो काढायचा आणि चालवायचा, टिक टिक टिक. टीव्ही बघताना टिक टिक, आरती चालू असताना टिक टिक. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला भोक. प्रमोदच्या गाडीच्या इन्शुरन्स कार्डाला भोक आहे. पोलिसानं एकदा विचारलं होतं म्हणे, हे काय. प्रमोद काय सांगणार? तपासणी झालेली आहे म्हणून?

आणि दुसरी खोड म्हणजे आडनाव. माणूस दिसला रे दिसला की, "पूर्ण नाव सांगा." मी पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हटलं, "मी वैशाली." "पुढं?" पुढचं सांगितलं. "माहेरचं?" तेही सांगितलं. मग गाव. मग काकांनी वर आढ्याकडे बघून मनातल्या मनात कुठला तरी तक्ता चाळला आणि म्हणाले, "हं. म्हणजे आपलेच." काही लोकांना "आपलेच" मिळतं, काहींना "आपल्यासारखेच" आणि काहींना नुसतं "हं". पार्सल टाकणाऱ्या मार्कसलाही त्यांनी दारात अडवलं होतं. "फुल नेम? पुढं? मदर साइड?" तो बिचारा घाबरून व्हॅनमध्ये जाऊन बसला.

तुम्हाला राग आला असेल. मलाही यायचा. पण खरं सांगू का, काका निदान तोंडावर विचारतात. आमच्या मराठी मंडळातली मंडळी हुशार. ते विचारतात, "तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की उभ्या?" किंवा "नॉनव्हेज चालतं ना?" उत्तर ऐकून मनातल्या मनात तोच तक्ता चाळतात. अन् लगेच पुढच्या वाक्यात, "बाकी इथे साउथमध्ये काय रेसिझम होता यार, वाचवत नाही." हातात साबुदाणावडा असतो, म्हणून फार हळहळता येत नाही एवढंच.

पाहुणे आले की आमचा अटलांटाचा दौरा ठरलेला आहे. मत्स्यालय, कोल्ड्रिंकचं म्युझियम, मोठं देऊळ, आउटलेट मॉल. यातून चाळीस मिनिटं उरली तर नागरी हक्कांच्या स्मारकापाशी एक ग्रुप फोटो, चेहरे गंभीर करून. काकांनी हा अख्खा दौरा कॅन्सल केला. "मासे मी बाजारात बघितलेत," म्हणाले. त्यांचं एकच म्हणणं. माँटगोमेरी.

हे माँटगोमेरीचं खूळ रियामुळे शिरलं. रिया माझी मुलगी, पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या किचन टेबलावर शाळेचा अभ्यास करत होती. पुस्तकात बसचा फोटो. बस दिसल्यावर काका थांबतायत होय? "कोणत्या डेपोची?" रियानं सांगितलं, ही शेजारच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीची बस. काळ्या लोकांनी मागे बसायचं, गोऱ्यांनी पुढे, असा नियम होता. एका रांगेतल्या चौघा काळ्या लोकांना ड्रायव्हरनं गोऱ्या माणसासाठी उठायला सांगितलं; तिघं उठले, चौथी एक बाई. ती उठली नाही. तिला अटक झाली. मग सगळ्या काळ्या लोकांनी वर्षाहून जास्त दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले, आणि तो नियम गेला.

काकांनी पंच चालवायचा थांबवला. "उठली नाही म्हणजे काय केलं?"

"शी जस्ट डिडन्ट गेट अप, काका."

"न उठता येतं होय?"

तेव्हापासून हेच. दोन उन्हाळे. चहा पिताना, चालायला गेल्यावर, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत. "ताई, न उठता येतं होय? मला ती जागा बघायचीय." प्रमोद त्यांना म्हणाला, "अहो दादा, तिथे नुसती पाटी आहे, पाटी बघायला तीन तास कोण जाईल?" कोण जाईल? मी. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे आणि हृदय मिळून हा शेवटचाच विमानप्रवास समजा. काका मला एवढंच म्हणाले, "ताई, परतीचं तिकीट निघालंय. त्याच्या आत तेवढा एक थांबा." मला नाही म्हणवेना. रियाला शाळेसाठी काहीतरी लिहायचं होतं, तीही निघाली.

शनिवारी सकाळी सातला डबल पडली.

रस्त्यात पहिला वाद सुरू झाला तो हॉगन्सव्हिलच्या आसपास. काकांनी जाहीर केलं की त्या केसमध्ये ड्रायव्हरचं काही चुकलेलं नाही.

"व्हॉट!" मागून रिया ओरडली.

"नियमाचं पुस्तक असतं बाळा. त्यात लिहिलेलं असतं. ड्रायव्हरनं काय करायचं? वरून साहेब मेमो देतो. आपल्याकडं पण राखीव सीट आहेत की. आमदारांची राखीव आहे, आमदार कधी बसलाय का लाल गाडीत? पण पाटी आहे ती आहे."

"आई, ही इज लिटरली डिफेंडिंग द ड्रायव्हर!"

"चौघांना उठायला सांगितलं, तिघं उठले ना?" काका म्हणाले. "मग? तिघं येडे होते का?"

रिया पुढचा अर्धा तास कानात इअरबड घालून बसली. पण तिनंच मधे एक काढून सांगितलं की त्या बसमध्ये मधल्या सीटवरची पाटी सरकवता यायची. गोरे वाढले की ड्रायव्हर पाटी मागच्या रांगेवर नेऊन लावायचा. आणि काळ्या प्रवाशांनी पुढच्या दारानं चढून तिकीट काढायचं, खाली उतरायचं, मग मागच्या दारानं चढायचं. कधी कधी तेवढ्यात ड्रायव्हर गाडी घेऊन निघून जायचा.

आता मात्र काका पेटले. "तिकीट दिलं आणि पॅसेंजर खाली ठेवला? निलंबन! जागच्या जागी निलंबन! वाहक काय करत होता?"

"देअर वॉज नो कंडक्टर. जस्ट द ड्रायव्हर."

"तरीच," काका मागे टेकले. सगळ्या अमेरिकेचा इतिहास त्यांना एका क्षणात उलगडला. "वाहक नव्हता. वाहक असता तर झालंच नसतं."

अलाबामात शिरलो आणि फोनवरचं घड्याळ एक तास मागे गेलं. हे काकांना आधी सांगायचं मी विसरले. नऊला गाडी माँटगोमेरीत पोचलेली पाहून ते हवालदिल झाले. "बिफोर टाइम? एक तास बिफोर टाइम? ताई, किती स्पीडनं आणली!" मी टाइम झोन समजावला. त्यांना तो बेकायदेशीर वाटला. वेळापत्रक असं मधेच बदलता येत असतं तर बत्तीस वर्षांत आपल्याला एकही लेट मेमो मिळाला नसता, म्हणाले.

माँटगोमेरी शनिवारी सकाळी एकदम शांत. रुंद रस्ते, जुन्या विटांच्या इमारती, कारंज्याचा चौक. तिथेच तो थांबा. थांब्यावर त्या बाईंचा पुतळा आहे. चौथऱ्यावर बिथऱ्यावर नाही, आपल्या उंचीचा, फुटपाथवर, कोट घालून, हातात पर्स घेऊन, बसची वाट बघत उभ्या. त्यांचं नाव जगाला माहीत आहे, तुम्हालाही असेल. काका त्यांना आख्ख्या प्रवासात "पॅसेंजर बाई" म्हणत होते.

मला वाटलं आता फोटो काढू, पाटी वाचू, सुटलो. काका पुतळ्याच्या आठ फुटांवरच थांबले. पुढे जाईनात. मी म्हटलं, "काका, उभे राहा ना शेजारी." "नको," म्हणाले. "गर्दी कशाला करायची त्यांना." तिथे आम्ही तिघं आणि एक कबूतर होतो.

जवळच त्या बाईंचं म्युझियम आहे, तिथे मात्र काका पुन्हा काका झाले. तिकिटं काढली, आणि मी रेस्टरूमला जाऊन येते तोवर हे दाराशी उभे, हातात पंच. चर्चच्या ग्रुपबरोबर आलेले वीस-पंचवीस गोरे म्हातारे-म्हाताऱ्या रांगेत, आणि काका प्रत्येकाचं तिकीट घेऊन टिक टिक भोक पाडतायत. "थँक्यू. पुढं सरका. थँक्यू. आत खूप जागा आहे, पुढं सरका." आणि ते लोक सरकत होते हो! एका आजीबाईंनी तर त्यांना विचारलं, एलेव्हेटर कुठे आहे. काकांनी आत्मविश्वासानं डावीकडे बोट दाखवलं. डावीकडे झाडूची खोली होती.

मी धावत पोचले तोवर आतून एक बाई आल्या. काळ्या, उंच, सत्तरीच्या, म्युझियमचं निळं जॅकेट. मला वाटलं, झालं, आता पोलीस. त्यांनी काकांच्या हातातला पंच घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि एकदम हसल्या.

"व्हेअर डिड यू ड्राइव्ह, सर?"

मिस लोरेटा. एकोणतीस वर्षं त्याच शहरात सिटी बस चालवून रिटायर झाल्या होत्या आणि आता शनिवारी इथे लोकांना म्युझियम दाखवायच्या. मी सांगितलं की हे ड्रायव्हर नव्हेत, कंडक्टर होते, आणि काकांनी "वाहक" अशी दुरुस्ती केली. पुढचा अर्धा तास मी नुसती इकडचं तिकडे करत होते. पाय सुजायचे का? सुजायचे. लघवीला कुठे जायचं? याच्यावर दोघंही इतके हसले की रिया दूर जाऊन उभी राहिली. मेमो किती? काकांना सात, मिस लोरेटांना चार. काकांचा मान तेवढ्यात वाढला, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

आत एक जुनी बस उभी केलेली आहे, पुढे दोरी लावून. मिस लोरेटांनी दोरी वर उचलली, "फॉर अ प्रोफेशनल." काका आत चढले. पायरीला नमस्कार केला. खिडक्यांवरून एक दोरी गेलेली होती, ती कशाला म्हणून विचारलं. थांबा हवा असला की प्रवाशानं ती ओढायची, घंटी वाजते.

"घंटी पॅसेंजरच्या हातात?" काका सर्दच झाले. "मग हे सगळेच विनंती थांबे!"

विनंती थांबा म्हणजे काय ते मी मिस लोरेटांना समजावलं. आमच्याकडे फाट्यांवर, वस्त्यांपाशी असे थांबे असतात, कुणी हात केला किंवा उतरायचं म्हणाला तरच गाडी थांबते. त्यांना तो शब्द फार आवडला. मग त्यांनी मधली रांग दाखवली. ही ती जागा. इथे बसल्या होत्या. आणि म्हणाल्या, "मी एकोणतीस वर्षं ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्या सीटवर बसलं की खूप सोपं असतं कुणाला काहीही सांगणं. म्हणून मी इथे येणाऱ्या प्रत्येक बसवाल्याला एक विचारते." त्या माझ्याकडे वळल्या. "आस्क हिम. डिड ही एव्हर मेक समबडी गेट अप?"

मी हसत हसतच काकांना विचारलं. तुम्ही कधी कुणाला उठवलंत का म्हणून.

काका हसले नाहीत. सीटच्या दांडीला धरून उभे होते, ती दांडी त्यांनी सोडली नाही.

"बाजाराचा वार होता," म्हणाले. "दुपारची गाडी. तिसऱ्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर गाठोडं. वाटेत एक मोठे गृहस्थ चढले, गावचे. बसायला जागा नव्हती. त्यांनी तिला विचारलं, कुणाची गं तू? तिनं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. आडनाव ऐकलं आणि ते माझ्याकडं बघायला लागले. बोलले काही नाहीत. नुसतं बघितलं. नियम नव्हता, ताई. पुस्तकात असलं काही नव्हतं. उलट बाई म्हणून तिलाच आधी जागा. पण मीच म्हटलं, ए बाई, ऊठ, मागं हो. उठा नाही म्हटलं, ऊठ म्हटलं. ती उठली. मागं पाय ठेवायला जागा नव्हती. तिचं तिकीट पुढच्या गावचं, पण मधे विनंती थांबा आला तिथंच ती उतरली, चार मैल अलीकडं. उन्हाची. मी दार लावलं आणि डबल दिली. डबल मीच दिली."

मिस लोरेटा माझ्याकडे बघत होत्या. भाषांतराची वाट बघत.

आता मी काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्याची थट्टा करायची आणि स्वतःचं झाकायचं हे बरं नव्हे. मला लाज वाटली. काकांची नाही. आपली, सगळ्यांची. त्या जागेवर, त्या बाईंसमोर, आमच्याकडेही हेच आणि अजूनही, हे इंग्लिशमध्ये म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "ही सेज, देअर वॉज अ लेडी वन्स. द बस वॉज व्हेरी क्राउडेड. सो शी गॉट डाउन अर्ली."

"आई," रिया म्हणाली.

पण तिच्या आधी काकाच बोलले. क्राउडेड त्यांना समजतं. बत्तीस वर्षं गर्दीतच गेली. "गर्दी होती, ताई. पण गर्दीमुळं नाही उतरली ती. नीट सांग ना." मग ते स्वतःच मिस लोरेटांकडे वळले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या त्या टिकलीएवढ्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "आय. नो रूल. लो कास्ट लेडी, सिटिंग. आय टोल्ड, स्टँड अप. आय."

राहिलेलं रियानं सांगितलं. गाठोडं, आडनाव, चार मैल, डबल. तिच्या आवाजात राग होता आणि तिनं काही म्हणता काही गाळलं नाही.

मिस लोरेटा ना रागावल्या, ना खांद्यावर हात ठेवला. "ॲट लीस्ट ही डिडन्ट लाय टु मी," म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी बघितलं माझ्याकडे. मग काकांना विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम?"

ज्या माणसानं पार्सलवाल्याचं आजोळ विचारलं, त्याला नाव आठवेना. "आडनाव आठवतं," हळूच म्हणाले. "टप्पा आठवतो. पूर्ण तिकीट होतं, अर्धं नव्हतं, तेही आठवतं. नाव तिनं सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही."

मी हे मात्र जसंच्या तसं सांगितलं. मिस लोरेटा म्हणाल्या, आमच्या बाईंचं नाव इथल्या शाळेतल्या पोरांना पाठ आहे. तिचं निदान याला तरी पाठ असायला हवं. एवढं बोलून त्यांनी दोरी परत लावली, कारण चर्चवाला ग्रुप येत होता, आणि जाता जाता पंच काकांच्या हातात ठेवला.

पार्किंगमध्ये काका पुढे बसले नाहीत. मागचं दार उघडून रियाशेजारी बसले. मी गाडी सुरू केली आणि सवयीनं थांबले. ठक नाही, काही नाही. शेवटी मी तशीच निघाले, आणि पहिल्यांदा मला गाडी चुकीची निघाल्यासारखी वाटली.

जॉर्जियाची हद्द यायच्या थोडं आधी छताला एक ठक.

"विनंती थांबा," काका म्हणाले.

रेस्ट एरिया होता. ते बाकावर जाऊन बसले, ट्रकांकडे तोंड करून. मी कॉफी घेऊन गेले. रिया माझ्यामागून आली पण बसली नाही.

"रागावलीस?" काकांनी तिला विचारलं.

"येस."

"बरोबर आहे," काका म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता, "ताई, दोन वर्षं मी तुला विचारत होतो, न उठता येतं होय? ते खोटं होतं. मला दुसरंच बघायचं होतं. न उठवता येत होतं का." कॉफी त्यांनी घेतली नाही. "येत होतं. काही झालं नसतं. ते गृहस्थ मेमो पण देऊ शकत नव्हते मला."

मला रडू आलं, सांगायला काय जातंय. रियानं बाकावरची माझी पर्स उचलली आणि तिथे बसली.

घरी यायला एक तास जास्त लागला. काका म्हणाले, लेट झाली गाडी. त्याच महिन्याच्या शेवटी ते भारतात परत गेले. एअरपोर्टवर प्रमोदच्या सासऱ्यांच्या ओळखीचं एक जोडपं भेटलं, आणि मी दचकून काकांकडे पाहिलं, आता पूर्ण नाव विचारणार. त्यांनी नुसता नमस्कार केला.

परवा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून ऐकला. मागे वारा, कुणाचा तरी कुत्रा, आणि लांबून येणारा लाल गाडीचा आवाज. तो आवाज मी अल्फारेटात बसून ओळखला.

"ताई, काका बोलतोय. त्याच विनंती थांब्यावर उभा आहे. तीन वाऱ्या झाल्या, आज सापडली. तिच्या तिकिटाचंच गाव, चार मैल पुढं. म्हातारी झालीय, पण कान ठणठणीत. नाव द्रौपदा. द्रौपदाबाई. आडनाव विचारलं नाही. तर बसलो, सगळं सांगितलं. बाजाराचा वार, तिसरा बाक, गाठोडं. म्हटलं, तो वाहक मी. माझ्या हातून झालं. तर ती बघत राहिली माझ्याकडं. म्हणाली..." इथे वारा फार आहे, दोनदा ऐकावं लागतं. "म्हणाली, बाबा, असं तर लई येळा उठवलं मला. त्यातले तुम्ही कंचे?"

मला वाटलं मेसेज संपला. मग काकांचा आवाज. "तर ताई, हे त्या लोरेटाबाईंना कळव. नाव कळव. आणि ती काय म्हणाली तेही. नीट सांग या वेळी."

मीटिंग संपल्यावर मी म्युझियमच्या पत्त्यावर ईमेल लिहायला बसले. वर मिस लोरेटांचं नाव. हर नेम इज द्रौपदा. मग तिचं वाक्य. शी सेड, आय वॉज मेड टु गेट अप सो मेनी टाइम्स. विच वन वर यू? पाच मिनिटांचं काम होतं, मला तास लागला. पण या वेळी मी त्यात गर्दी घातली नाही.